चॉकलेट वितळवणे सोपे, गोठवणे अवघड

नाताळची सुटी लागली की अनेक घरांत फ्रिजचा एक कप्पा चॉकलेटच्या साच्यांनी अडतो. चांदण्या, घंटा, सांताक्लॉजची टोपी. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटातून किंवा पुण्याच्या बोहरी आळीतून आणलेली चॉकलेटची लादी चिरायची, गरम पाण्याच्या पातेल्यावर वितळवायची, काजू-बदामाचे तुकडे घालायचे आणि साच्यात ओतून थंड करायचे. ओव्हन लागत नाही, पाक बिघडण्याची धाकधूक नाही, तळणाचा वास नाही. मुलांनाही हाताशी घेता येते. करंज्या-चकल्यांच्या खटाटोपापुढे हे काम म्हणजे खेळच.

मग तिसऱ्या दिवशी डबा उघडला जातो आणि कालपर्यंत चकचकीत असलेल्या घंटांवर राख भुरभुरल्यासारखा पांढुरका थर दिसतो. कुणी म्हणते बुरशी आली, कुणी म्हणते लादीच जुनी होती. कधी चॉकलेट साच्यातून सुटत नाही, कधी हातात घेताच बोटे माखतात, तर कधी वितळवता वितळवताच त्याचा कोरडा, खरखरीत गोळा होतो. हे बिघाड वेगवेगळे दिसले तरी ते समजून घेण्याची किल्ली एकच आहे. या चॉकलेटमध्ये काहीही शिजत नाही. एक स्निग्ध पदार्थ वितळतो आणि पुन्हा गोठतो, एवढेच घडते. तो कसा गोठला यावर चॉकलेटची चकाकी, कुरकुरीतपणा आणि टिकाऊपणा ठरतो. तो पदार्थ मुळात कोणता आहे, यावर ते खाणाऱ्याच्या आरोग्याचा हिशेब ठरतो.

एकाच बटरची सहा रूपे

कोकोच्या बीचा साधारण अर्धा भाग स्निग्धांशाचा असतो. त्यालाच कोको बटर म्हणतात. खऱ्या चॉकलेटमध्ये कोकोचे आणि साखरेचे अतिशय बारीक कण या बटरमध्ये विखुरलेले असतात. मिल्क चॉकलेट असेल तर त्यात दुधाची भुकटीही असते. म्हणजे चॉकलेटचा सांगाडा कोको बटरचाच. तो घट्ट बसला तर चॉकलेट ‘टक्’ आवाज करून तुटते, सैल बसला तर वाकते.

कोको बटरचे वैशिष्ट्य असे, की ते थंड होताना सहा वेगवेगळ्या प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकते. विल आणि लटन या संशोधकांनी १९६६ मध्ये या सहा रूपांची मांडणी केली आणि आजही ती वापरली जाते. रेणू तेच असतात, पण त्यांची रचण्याची पद्धत बदलते. एकाच पेटीत कपडे कोंबून भरावेत किंवा घड्या घालून भरावेत, तसाच हा फरक आहे. सर्वांत सैल रचनेचे पहिले रूप १७ अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळते. चौथे रूप २७-२८ अंशांना वितळते. पाचवे रूप ३३-३४ अंशांपर्यंत टिकते आणि सहावे त्याहून थोडे पुढे जाते.

यांपैकी पाचवे रूप हवे असते. ते खोलीच्या तापमानाला घट्ट राहते, पण शरीराचे तापमान ३७ अंश असल्याने तोंडात गेल्यावर विरघळते. त्याची रचना दाट असल्याने गोठताना चॉकलेट किंचित आकसते आणि साच्यातून अलगद सुटते. पृष्ठभाग सपाट राहतो, म्हणून त्यावर प्रकाश चमकतो.

चॉकलेट नुसते वितळवून साच्यात ओतले की मात्र सैल रचनेची रूपे भराभर तयार होतात, कारण ती तयार होणे सोपे असते. ती टिकाऊ नसतात. पुढच्या काही दिवसांत हे स्फटिक हळूहळू अधिक स्थिर रूपांत बदलतात, आणि या उलथापालथीत काही स्निग्धांश पृष्ठभागावर येऊन तिथे गोठतो. डब्यातल्या घंटांवरची ‘राख’ ती हीच. तिला ब्लूम म्हणतात. ती बुरशी नाही आणि ते चॉकलेट खाण्यास अपायकारकही नसते. बोटाने हलके चोळले की हा थर बोटाच्या उबेने नाहीसा होतो. बुरशी मात्र लोकरीसारखी उठून दिसते आणि तिला कुबट वास येतो. तसे काही दिसले तर चॉकलेट फेकून द्यावे.

दोन वाटे वितळवा, एक वाटा राखा

हवी ती रचना मिळवण्याच्या पद्धतीला टेम्परिंग म्हणतात. कारखान्यात त्यासाठी यंत्रे असतात, पण घरी एक सोपी युक्ती चालते. दही लावताना दुधात विरजण घालतात, तसेच इथेही ‘विरजण’ लावायचे असते. बाजारातून आलेली चकचकीत लादी आधीच टेम्पर केलेली असते, म्हणजे तिच्यात पाचव्या रूपाचे स्फटिक तयारच असतात.

डार्क चॉकलेट बारीक चिरून त्याचे तीन वाटे करावेत. दोन वाटे कोरड्या भांड्यात घेऊन ते भांडे गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवावे. भांड्याचा तळ पाण्याला टेकू नये आणि पाणी खळखळू नये. सगळे वितळून तापमान ४५ अंशांच्या आसपास आले की भांडे खाली उतरवावे, त्याचा तळ फडक्याने पुसावा आणि राखून ठेवलेला तिसरा वाटा थोडा थोडा घालत ढवळत राहावे. न वितळलेले तुकडे मिश्रण थंडही करतात आणि त्याला योग्य स्फटिकांचे बीजही देतात. डार्क चॉकलेट ३१ ते ३२ अंशांवर आले की साच्यात ओतण्याजोगे होते. मिल्क चॉकलेट साधारण २९ ते ३० आणि व्हाइट चॉकलेट २८ ते २९ अंशांवर ओततात, कारण दुधातल्या स्निग्धांशामुळे त्यांचे स्फटिक लवकर वितळतात.

स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर उत्तमच. नसेल तर चमच्याच्या टोकावरचे थेंबभर चॉकलेट खालच्या ओठाला लावून पाहावे. ते गरम न लागता किंचित गार लागले पाहिजे. दुसरी परीक्षा सुरीची. सुरीच्या पात्यावर पातळ थर लावून तो थंड जागी ठेवावा. पाच-सात मिनिटांत तो चमक राखून घट्ट झाला तर टेम्परिंग जमले. चिकट राहिला किंवा त्यावर रेघा उमटल्या तर मिश्रण पुन्हा वितळवून नव्याने सुरुवात करावी. चॉकलेट वाया जात नाही, फक्त वेळ जातो.

इथे हवेचा भागही मोठा आहे. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरातल्या सकाळी या कामासाठी अगदी योग्य असतात. मुंबईत किंवा गोव्यात मात्र डिसेंबरातही दुपारी पारा तिशीपलीकडे जातो. अशा हवेत ३१ अंशांवरचे चॉकलेट थंड व्हायचे कुठे आणि कसे? किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी हे काम पहाटे किंवा वातानुकूलित खोलीत करावे. ओतलेले साचे दहा-पंधरा मिनिटांपुरते फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही.

पाण्याचा एक थेंब

वितळलेल्या चॉकलेटला सर्वांत मोठा धोका पाण्याचा. ऐकायला विचित्र वाटते, कारण दुधात किंवा सायीत चॉकलेट छान मिसळते. फरक प्रमाणाचा आहे. पाण्याचे दोन-चार थेंब पडले की चॉकलेटमधले साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि बघता बघता सगळ्या चॉकलेटचा गोळा होतो. पाणी भरपूर असेल तर साखर त्यात विरघळून जाते आणि गुळगुळीत सॉस तयार होतो. म्हणून गोळा झालेले चॉकलेट फेकण्याऐवजी त्यात चमचा-चमचा गरम दूध घालून घोटावे. साच्यात घालायला ते उपयोगी नाही, पण केकवर ओतायला किंवा दुधात घालायला चालते.

पाणी नेहमी थेंबांच्या रूपात येते असेही नाही. ओला चमचा, पातेल्यातून उठणारी वाफ, पाण्यात कालवलेला खाण्याचा रंग, नीट न वाळलेला साचा यांतूनही ते येते. आणि फ्रिजमधूनही येते. थंडगार चॉकलेट दमट हवेत उघडे ठेवले की त्यावर दव धरते. त्या दवात वरची साखर विरघळते आणि पाणी उडाल्यावर खडबडीत पांढरा थर मागे राहतो. हाही ब्लूमच, पण साखरेचा. तो चोळून जात नाही, बोटाला कणीदार लागतो. यावर उपाय साधा आहे. चॉकलेट फ्रिजमध्ये ठेवायचे तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नये.

लादीवरची बारीक अक्षरे

हे सगळे वाचून अनेकांना प्रश्न पडेल, की आमच्या घरी तर कधी टेम्परिंग केले नाही, तरी चॉकलेट चकचकीत होते, ते कसे? त्याचे उत्तर लादीच्या वेष्टनावर असते. घरगुती चॉकलेटसाठी सर्वाधिक खपणाऱ्या लाद्यांवर ‘डार्क कंपाउंड’, ‘मिल्क कंपाउंड’ असे शब्द असतात. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ असतो, बहुधा पामच्या बीचे हायड्रोजनीकरण केलेले तेल, आणि चवीसाठी कोको पावडर. या तेलाला सहा रूपांच्या निवडीची अडचण नसते. ते आपोआप घट्ट होते, उन्हाळ्यातही बरे टिकते आणि स्वस्त पडते. नवशिक्यांना आणि घरून व्यवसाय करणाऱ्यांना ते सोयीचे वाटते, यात नवल नाही.

पण सोयीची किंमत असते. पामच्या बीच्या तेलात मुळातच सुमारे ८० टक्के संपृक्त मेदाम्ले असतात. त्यातले सर्वांत मोठे म्हणजे लॉरिक आम्ल, जे खोबरेल तेलातही असते. ते रक्तातले एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल वाढवते. हायड्रोजनीकरणाने संपृक्ततेचे प्रमाण आणखी वाढते. कोको बटरही संपृक्त मेदाम्लांनी भरलेलेच आहे, पण त्यातला सुमारे एक तृतीयांश भाग स्टिअरिक आम्लाचा असतो आणि त्याचा एलडीएलवर फारसा परिणाम होत नाही. आणखी एक तृतीयांश ओलिक आम्ल असते, जे ऑलिव्ह तेलातही मुबलक असते. म्हणून कोको बटर आरोग्यदायी ठरत नाही, पण दोन्ही पदार्थ एकाच मापाने मोजताही येत नाहीत.

हायड्रोजनीकरण म्हटले की ट्रान्स फॅटची भीती वाटते. भारतात १ जानेवारी २०२२ पासून तेले, चरबी आणि त्यांपासून बनणाऱ्या खाद्यपदार्थांतल्या औद्योगिक ट्रान्स फॅटला एकूण स्निग्धांशाच्या २ टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे नियम पाळणाऱ्या उत्पादकाच्या लादीत ट्रान्स फॅटची चिंता पूर्वीइतकी राहिलेली नाही. मात्र ‘ट्रान्स फॅट शून्य’ असे वाचून निर्धास्त होऊ नये. त्याच तक्त्यात संपृक्त मेदाचा आणि साखरेचा आकडाही असतो, तो पाहावा. कंपाउंडच्या अनेक लाद्यांमध्ये जवळजवळ अर्धे वजन साखरेचे असते. घटकांच्या यादीत ज्याचे वजन सर्वाधिक त्याचे नाव पहिले, हा नियम लक्षात ठेवला की लादी ओळखता येते. पहिले नाव साखरेचे, दुसरे वनस्पतिजन्य मेदाचे आणि कोको बरेच मागे असेल, तर ते कोकोच्या चवीची मिठाई आहे, असे समजावे.

पैसे वाचावेत आणि चवही यावी म्हणून काहीजण अर्धे कंपाउंड आणि अर्धे खरे चॉकलेट एकत्र वितळवतात. ही तडजोड सहसा फसते. लॉरिक आम्लाचे मेद आणि कोको बटर यांचे स्फटिक एकमेकांत नीट बसत नाहीत. मिश्रण दोघांपेक्षाही मऊ होते आणि त्यावर लवकर पांढरा थर येतो. वापरायचे ते एकच वापरावे.

‘डार्क चॉकलेट हृदयाला चांगले’ हे वाक्यही इथे तपासून घ्यायला हवे. कोकोमधल्या फ्लॅव्हनॉल या घटकांवर अमेरिकेत २१,४४२ लोकांवर मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘कॉसमॉस’ या नावाने ती ओळखली जाते. फ्लॅव्हनॉल घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या एकूण घटनांत ठोस म्हणावी अशी घट आढळली नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी दिसले. महत्त्वाचे म्हणजे त्या लोकांना कोकोच्या अर्काच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांत चॉकलेटची साखर आणि मेद नव्हते. त्या निष्कर्षाचा आधार घेऊन डबाभर चॉकलेट खाणे म्हणजे स्वतःची फसवणूक.

विस्तव नाही, म्हणून स्वच्छता

ओव्हन लागत नाही, ही या पदार्थाची सोय आहे आणि त्याची उणीवही. केक भाजताना किंवा लाडवाचे बेसन भाजताना जी उष्णता जंतू मारते, ती इथे मिळतच नाही. ४५ अंशांना चॉकलेट वितळते, जंतू मरत नाहीत. चॉकलेटमध्ये पाणी नसल्याने त्यात जंतू वाढत नाहीत हे खरे, पण साल्मोनेलासारखे जंतू त्यात महिनोन्‌महिने जिवंत राहू शकतात. शिवाय भोवतीचा स्निग्धांश त्यांना पोटातल्या आम्लापासून वाचवतो, त्यामुळे थोडे जंतूही आजारी पाडायला पुरतात. २०२२ मध्ये युरोपातल्या अनेक देशांत बेल्जियममधल्या एका कारखान्यातल्या चॉकलेटमधून साल्मोनेलाची लागण पसरली होती. बाधितांत बहुसंख्य मुले दहा वर्षांखालची होती.

घरच्या चॉकलेटबाबत घाबरून जाण्याचे कारण नाही, पण क्रम लक्षात ठेवावा. जे काही भाजायचे ते चॉकलेटमध्ये घालण्यापूर्वी भाजावे. काजू, बदाम, शेंगदाणे, तीळ, सुके खोबरे मंद आचेवर खमंग भाजून पूर्ण गार करून घ्यावेत. त्याने चवही खुलते आणि त्यांतली ओलही जाते. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. साचे खाद्यपदार्थांसाठीचेच घ्यावेत.

क्रीम घालून केलेल्या ट्रफलचा हिशेब वेगळा आहे. क्रीमबरोबर पाणी येते आणि पाण्याबरोबर जंतूंना वाढायला जागा मिळते. क्रीम आधी उकळून घ्यावे, तयार ट्रफल फ्रिजमध्येच ठेवावेत आणि तीन-चार दिवसांत संपवावेत. नुसत्या सुक्या मेव्याचे चॉकलेट काही आठवडे टिकते, म्हणून ट्रफलही तितके टिकेल असे समजू नये.

भेट देताना डब्यावर घटकांची चिठ्ठी लावावी. शेंगदाणे, काजू, बदाम, दूध, सोया यांची अॅलर्जी असलेल्यांसाठी ती जीव वाचवणारी ठरू शकते. चॉकलेटच्या आत काय आहे हे वरून दिसत नाही. विक्रीसाठी चॉकलेट करणाऱ्यांना एफएसएसएआयची नोंदणी आणि अशी माहिती देणे बंधनकारकच आहे. लहान मुलांच्या वाट्याच्या चॉकलेटमध्ये अख्खा दाणा घालू नये, तो घशात अडकू शकतो. भरड पूड घालावी. आणि घरात कुत्रा असेल तर डबा उंचावर ठेवावा. कोकोमधले थिओब्रोमिन माणसाला सोसते, पण कुत्र्याच्या शरीरातून ते फार हळू बाहेर पडते. चॉकलेट जितके गडद तितका त्याला धोका अधिक.

सुटीतला एक घाणा

सुरुवात करायला साचाही लागत नाही. कोको बटर असलेले ५५ ते ६० टक्के कोकोचे ३०० ग्रॅम डार्क चॉकलेट घ्यावे. १०० ग्रॅम बदाम भाजून, गार करून त्यांचे तुकडे करावेत. ३० ग्रॅम राजगिऱ्याच्या लाह्या कोरड्या कढईत गरम करून कुरकुरीत करून घ्याव्यात. २०० ग्रॅम चॉकलेट वितळवून, उरलेले १०० ग्रॅम त्यात विरजणासारखे मिसळून मिश्रण ३१-३२ अंशांवर आणावे. मग बदाम आणि लाह्या घालून हलक्या हाताने एकत्र करावे आणि बटर पेपरवर चमच्याने छोटे छोटे ढीग घालावेत. वर मिठाचे अगदी चार कण आणि भाजलेले तीळ भुरभुरावेत. चांगले घट्ट झाले की कोरड्या डब्यात भरावेत.

याचे साधारण ४० खडे होतात. एका खड्यात सुमारे ६० कॅलरी आणि ३ ग्रॅमच्या आसपास साखर येते. प्रौढांनी दिवसभरात वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सहा चमच्यांहून कमी ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. चार खडे खाल्ले की त्यातला जवळजवळ निम्मा वाटा संपला, आणि अजून सकाळ-संध्याकाळचा चहा मोजायचाच आहे. म्हणून डबा भरतानाच प्रत्येकाच्या वाट्याचे दोन-दोन खडे कागदात गुंडाळून ठेवणे बरे. उघड्या डब्याजवळून जाता-येता मोजदाद राहत नाही.

तिसऱ्या दिवशी तो डबा उघडल्यावर खडे चकचकीत दिसले, तर विरजण नीट लागले असे समजावे. नाहीच दिसले, पांढुरका थर आलाच, तरी चॉकलेट फेकू नये. ते पुन्हा वितळवता येते आणि पुन्हा नीट गोठवता येते. सुटी अजून शिल्लक असते.